गल्लीत 'माल' विकला जातोय? पोलिसांना खबर अशी द्या

आमच्या वाडीने दिलेला पहिला अर्ज असा होता : 'परिसरात गर्दुल्ल्यांचा सुळसुळाट झाला असून त्वरित कारवाई व्हावी.' खाली त्रेचाळीस सह्या. ठाण्यातल्या साहेबांनी तो वाचला, पोच दिली आणि विचारलं, "विकतो कोण? ठेवतो कुठे? किती वाजता?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. वर तक्रार कोणी केली हे आठवड्याभरात सगळ्या गल्लीला कळलं, कारण सह्यांचा कागद घरोघर फिरला होता. मुंबईतल्या दाट वस्तीत हीच चूक पुन्हा पुन्हा होते, म्हणून हे लिहितोय.

आधी आठवडाभर नुसतं बघा

एक वही करा. तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, एवढंच लिहायचं. आपल्या खिडकीतून, येता-जाता जे दिसतं तेवढंच. पाठलाग नको, मोबाइल रोखून शूटिंग नको, आणि गिऱ्हाईक बनून पुडी विकत घेण्याचा शहाणपणा तर अजिबात नको. पुडी हातात आली की गुन्हा तुमच्यावरही लागतो.

आमच्याकडे पैसे घेणारा एक आणि माल देणारा दुसरा होता. टपरीशेजारी उभा असलेला तरुण मोबाइलवर पैसे आले की नुसती मान हलवायचा. मग बारा-तेरा वर्षांचं एक पोर जिन्याखालच्या मीटरच्या पेटीमागे हात घालायचं आणि बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची पुडी आणून द्यायचं. पोलिसांनी त्या तरुणाची आधी दोनदा झडती घेतली होती. दोन्ही वेळा खिशातून निघाली चुन्याची डबी! माल अंगावर नसेल तर तो याचाच हे कोर्टात दाखवणं कठीण जातं. म्हणून 'विकतो कोण' याच्याइतकंच 'ठेवतो कुठे' महत्त्वाचं. आमच्या वहीतली सगळ्यात कामाची ओळ त्या मीटरच्या पेटीचीच ठरली.

माल कुठला ते माहीत असेल तर सांगा : एमडी म्हणजे मेफेड्रोनची पावडर, गर्द, गांजा, बटन म्हणजे नशेच्या गोळ्या. माहीत नसेल तर 'पांढरी पावडर' म्हणा, अंदाज लढवू नका. आणि भाडेकरूवर किंवा भाऊबंदकीत राग काढायला खोटी खबर देऊ नका. जाणूनबुजून, वाईट हेतूने दिलेल्या खोट्या माहितीमुळे कुणाची झडती किंवा अटक झाली, तर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सांगायचं कुणाला

मारामारी किंवा जिवाला धोका असेल तर ११२. पण नेहमीच्या विक्रीसाठी माझं मत वेगळं आहे : गस्तीची गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली की आतल्या टोकाला शिट्टी वाजते आणि पाच मिनिटांत सगळं साफ. त्यापेक्षा एकट्याने, साध्या वेळी ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. ठाण्यावर विश्वास नसेल तर गुन्हे शाखेचा अमली पदार्थ विरोधी कक्ष आहे. आझाद मैदान, वरळी, वांद्रे, घाटकोपर आणि कांदिवली अशी त्याची युनिटं आहेत. केंद्राची १९३३ ही 'मानस' हेल्पलाइन २०२४ च्या जुलैपासून चालू आहे. तिथे नाव न सांगताही माहिती देता येते.

नावाची भीती सगळ्यांनाच असते. कायद्याचं कलम ६८ इथे तुमच्या बाजूचं आहे : खबर कुठून मिळाली हे सांगायला अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. तेव्हा सह्यांची मोहीम काढू नका.

मग पोलीस लगेच का येत नाहीत

कारण घाईतली धाड कोर्टात पडते. घरात किंवा बंद जागेत शिरायचं तर कलम ४२ प्रमाणे खबर लिहून काढावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांना पाठवावी लागते. अंगझडती घ्यायची तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क आहे, हे त्या माणसाला आधी सांगावं लागतं. ते राहिलं की वकिलाला आयतंच हत्यार मिळतं. शिवाय पंच हवेत. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे. पुढे नमुने कलिन्याच्या प्रयोगशाळेत जातात.

कधी कधी पोलीस लहान विक्रेत्याला मुद्दाम मोकळा ठेवतात. पुण्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये सोमवार पेठेतल्या कारवाईतून सुरू झालेला माग विश्रांतवाडीच्या गोदामापर्यंत, तिथून कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत आणि पुढे दिल्लीपर्यंत गेला. तुमच्या गल्लीतलं पोर ही साखळीची शेवटची कडी असते. 'साहेब, पंधरा दिवस झाले' म्हणून रोज फोन करू नका. नवं काही दिसलं तरच करा.

पंच व्हायला विचारलं तर विचार करून 'हो' म्हणा. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. पुड्या तुमच्यासमोर मोजल्या, वजन केल्या, सीलबंद केल्या का ते बघा, कारण दोन-चार वर्षांनी कोर्टात तुम्हाला तेच विचारणार आहेत.

आठ दिवसांत तो परत आला

आमचा टपरीशेजारचा तरुण पकडला गेला आणि जामिनावर परत आला. वाडीत लगेच 'पोलिसांनी खाल्ले' सुरू झालं. तसं होतही असेल कुठे, पण बहुतेक वेळा खरा प्रश्न वजनाचा असतो. एमडी २ ग्रॅमपर्यंत, गर्द म्हणजे हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत किंवा गांजा एक किलोपर्यंत सापडला तर 'अल्प प्रमाण', शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. जामिनाची कडक अट ५० ग्रॅम एमडी, २५० ग्रॅम हेरॉइन, २० किलो गांजा अशा व्यापारी प्रमाणाला. विकणाऱ्यांना हा हिशोब तोंडपाठ असतो, म्हणून जवळ चार पुड्यांच्या वर ठेवतच नाहीत.

अशा वेळी वही पुन्हा उघडा. वारंवार सापडणाऱ्याला तडीपार करता येतं किंवा गुंड आणि अमली पदार्थ विकणाऱ्यांविरुद्धच्या १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. त्यासाठी पोलिसांना रहिवाशांचे गोपनीय जबाब लागतात. कागदावर तुमचं नाव नसतं, 'साक्षीदार अ', 'साक्षीदार ब' एवढंच. आमच्या प्रकरणात 'ब' मिळायला तीन महिने गेले.

आणि घेणारी पोरं?

त्यांना विकणाऱ्याच्या यादीत ढकलू नका. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर कलम ६४-अ खाली सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून त्याला सूट मिळू शकते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत नंबर आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. मीटरच्या पेटीमागे हात घालणाऱ्या त्या पोराबद्दल मात्र आम्ही वहीत वेगळं पान केलं आणि ते पोलिसांच्या आधी १०९८ ला, बालकांच्या हेल्पलाइनला, कळवलं.