शूटिंगच्या आदल्या दिवशी आवाजाची तयारी

लेन्स पुसली, कार्ड फॉरमॅट केलं, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या की तयारी झाली असं बहुतेकांना वाटतं. आवाजाचा विचार थेट जागेवर पोचल्यावर सुरू होतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. चित्र जरा अंधारं आलं तर नंतर उजळता येतं, पण आवाज एकदा फाटला की बहुधा फाटलेलाच राहतो. म्हणून आदल्या दिवशीच माइक, केबल, कॅमेरा, हेडफोन सगळं एकत्र जोडून बसा.

आधी केबलची टोकं नीट बघा. कॅमेऱ्याच्या ३.५ मिमी सॉकेटला सहसा दोन काळी वलयं असलेली पिन लागते. मोबाइलसाठीच्या पिनवर तीन वलयं असतात. ती कॅमेऱ्यात लावली तर कधी आवाज येतच नाही, कधी चिरका येतो, आणि दोष मात्र माइकला दिला जातो. मोठ्या कॅमेऱ्यात एक्सएलआर, म्हणजे व्यावसायिक माइकची तीन पिनांची जाड जोडणी असेल तर प्रत्येक इनपुटचं बटण माइकवर आहे की लाइनवर, हे पाहून घ्या. मिक्सरचा लाइन सिग्नल माइकपेक्षा खूप जोरकस असतो, तो माइकच्या इनपुटमध्ये गेला की आवाज फाटणारच. ४८ व्होल्टचा फॅंटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, ज्या माइकला लागतो त्याच्यासाठीच चालू ठेवा.

आता मेनूत जाऊन ऑडिओ लेव्हल ऑटोवरून मॅन्युअलवर आणा. ऑटोवर असताना बोलणारा क्षणभर थांबला की कॅमेरा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याची मात्रा, चढवतो. मागचा पंखा, रस्त्यावरची रहदारी हळूहळू वर येते आणि पुढचं वाक्य सुरू झालं की पुन्हा दबते. हे वर-खाली होणं एडिटिंगमध्ये सपाट करणं अतिशय जिकिरीचं काम आहे. एकट्याने, धावपळीत, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरकडे बघायची सोयच नसताना शूट करायचं असेल तरच मी ऑटो चालवून घेईन.

सगळ्यात जास्त वेळ पुढच्या गोष्टीला द्या. छोट्या कॅमेऱ्यांचा आतला माइक अॅम्प्लिफायर बऱ्याचदा साधारण दर्जाचा असतो. त्याचा गेन वाढवला की आवाजामागे सतत ‘स्स्स’ अशी खरखर येते. तेव्हा कॅमेऱ्याचा गेन अगदी खाली, शून्याच्या एक-दोन पायऱ्या वर ठेवा आणि उरलेली ताकद माइककडून किंवा वायरलेस माइकच्या रिसीव्हरच्या आउटपुटकडून घ्या. काही माइकवर २० डेसिबल वाढवणारं बटण असतं, ते याचसाठी. मात्र अतिही नको. मीटर आरामात चालतोय आणि तरी आवाज फाटतोय असं दिसलं, तर कॅमेऱ्याच्या इनपुटवरच ओझं जास्त झालंय असं समजा आणि रिसीव्हरचं आउटपुट उतरवा.

मीटरवर बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास असावीत, जोरात हसल्यावर फार तर उणे ६. शून्य हे छत आहे, त्याच्या वरचं काहीच नोंदवलं जात नाही. चाचणीसाठी ‘हॅलो, एक दोन तीन’ म्हणायला लावू नका, तेवढं सगळेच हळू म्हणतात. त्यांना आवडत्या विषयावर बोलतं करा, रंगात येऊ द्या आणि मग लेव्हल लावा. दोन चॅनेल वेगवेगळे लावता येत असतील तर तोच आवाज दुसऱ्या चॅनेलवर १० ते १२ डेसिबल खाली घ्या. अचानक कोणी ओरडलं, टाळ्या पडल्या तर तो चॅनेल वाचवतो.

लेव्हल लावण्याआधी माइक जवळ न्या. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा गोंगाट होता तिथेच राहतो. एवढी स्वच्छ सुधारणा कुठलंही सॉफ्टवेअर देत नाही. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, कपड्याला घासत नाही ना हे हात हलवायला सांगून ऐका, आणि केबलचा छोटा वेढा करून टेपने आतून चिकटवा. कॅमेऱ्याच्या आतल्या माइकवर भिस्त ठेवू नका. ऑटोफोकसची मोटर, बटणांचा टकटक, पकड बदलल्याचा आवाज, सगळं त्यात उतरतं.

बाहेर शूट असेल तर केसाळ विंडशील्ड बॅगेत हवंच. फोमची टोपी घरात ‘प’, ‘फ’चे फटकारे थोपवते, पण खऱ्या वाऱ्यापुढे टिकत नाही. ८० हर्ट्झच्या आसपासचा लो-कट, म्हणजे त्याखालचे खर्जाचे आवाज कापणारी सेटिंग, चालू करा, त्याने घरघर कमी होते. वाऱ्याने माइकचा पडदाच थडथडला तर लो-कटचाही उपयोग नाही.

जागेवर पोचलात की सामान मांडण्याआधी मिनिटभर उभं राहून ऐका. पंखा, एसी बंद करा. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे परत सुरू केल्याशिवाय निघता येणार नाही. सगळ्यांचे मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, सायलेंटवर भागत नाही. जाड ‘हम्म’ ऐकू येत असेल तर तो विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, माइकची केबल विजेच्या वायरपासून दूर घ्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्या आणि त्यांचा आवाज एकदा ठरवला की हलवू नका. कानांनी खरखर, घासणं, गोंगाट पकडायचा, लेव्हल मात्र मीटरवरच बघायची. त्या खोलीचा नुसता आवाज, कुणीही न बोलता, ३० सेकंद नोंदवून ठेवा. एडिटिंगमध्ये जोड लपवायला तो लागतो.

पहिल्या टेकआधी छोटी चाचणी घ्या आणि ती प्ले करून शेवटपर्यंत ऐका. मोड किंवा फ्रेमरेट बदललात तर ऑडिओचा मेनू पुन्हा उघडा, काही कॅमेरे प्रत्येक मोडसाठी वेगळ्या सेटिंग्ज धरून ठेवतात.