आउटबोर्ड मशीन दुरुस्त करावं की सोडून द्यावं? आधी कॉम्प्रेशन मोजा

मशीन बिघडलं की किनाऱ्यावर पहिला सल्ला मिळतो, "उघडून बघूया." तो ऐकू नका. खाऱ्या पाण्यात चाललेलं आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, उघडायचं म्हणजे दोन-चार बोल्ट तुटणार, गॅस्केट नवी लागणार, मजुरी चढणार. एवढा खर्च झाला की मागे फिरवत नाही आणि गेलेल्या मशीनवर आणखी पैसे पडत राहतात. निर्णय बाहेरून मोजून घ्यायचा. मी बोलतोय ते कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या फायबर होड्यांना लागणाऱ्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक मशीनबद्दल.

मशीन पाण्यात बुडालं असेल, तर निर्णय नंतर. "उन्हात वाळू दे" म्हणणाऱ्याला लांब ठेवा. खारं पाणी लागलेल्या लोखंडाला हवा लागली की गंज लगेच सुरू होतो. त्याच दिवशी काम होणार नसेल, तर मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. काम सुरू करताना स्पार्क प्लग काढा आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक, हाताने सावकाश फिरवा. मध्येच अडलं, तर जोर लावू नका. चालू मशीन बुडालं असेल, तर पिस्टनला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. मोकळं फिरलं तर पाणी काढा, कार्बोरेटर रिकामा करा, सिलिंडरमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) घालून फिरवा आणि त्याच दिवशी चालू करा.

पंखा, त्याची पिन, थंड करायचं पाणी खेचणारा इंपेलर हे किरकोळ. बदला आणि पुढे चला.

गिअर ऑइलचा खालचा बोल्ट सैल करून थोडं तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सील गेलंय, ते स्वस्तात होतं. धातूचे तुकडे आले तर गिअरची किंमत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच, कारण गेज आकडा दाखवतं, त्याचा अर्थ सांगत नाही. प्लगच्या आट्यात पिळून बसणारं गेज घ्या. रबर दाबून धरायचं गेज हात हलला की वेगळं दाखवतं. मशीन चालू होत असेल तर आधी गरम करा. मग दोन्ही प्लग काढा आणि मशीन बंद करणाऱ्या किल-स्विचची दोरी काढून ठेवा. थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. न्यूट्रलमध्ये हँडल पूर्ण फिरत नाही, म्हणून कार्बोरेटरजवळची लिंक हाताने उघडी धरा. हे न करता मोजलेला आकडा नेहमी कमी येतो आणि चांगली मशीनं त्यापायी भंगारात जातात. काटा चढायचा थांबेपर्यंत मशीन सुरू करायची दोरी ओढा, दोन्ही सिलिंडरला तेवढ्याच वेळा.

"शंभरच्या (पीएसआय) खाली म्हणजे मशीन गेलं" हा सरसकट नियम चुकीचा आहे. रॉकेलवर चालणाऱ्या मशीनचं कॉम्प्रेशन मुळातच पेट्रोलच्या मशीनपेक्षा कमी ठेवलेलं असतं. बघायचा तो दोन सिलिंडरमधला फरक. ११० आणि १०५ असेल तर निर्धास्त राहा. ११० आणि ८० असेल तर खराबी आहे, मशीन कितीही गोड वाजत असलं तरी.

मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजलाय. चढला नाही तर हेड गॅस्केटचा संशय घ्या, ते काम परवडतं. रिंग वाटली तरी लगेच हार मानू नका. रॉकेलच्या काजळीने रिंगा खाचेत चिकटून बसतात. कार्बन काढायचं औषध घालून रात्रभर ठेवा आणि पुन्हा मोजा. तरीही आकडा पडलेलाच असेल, तरच हेड उघडा आणि सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवा. नख अडकेल एवढी रेघ असेल तर बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं, आलं. त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बाजारात आहे का, हे ब्लॉक लेथवर जायच्या आधी विचारा. आधीच मोठ्यात मोठ्या मापाला बोअर झालेला ब्लॉक असेल, तर विषय तिथेच संपला.

हिशेब असा करा: सुटे भाग, मजुरी आणि बुडणारे दिवस यांची बेरीज. ती त्याच मॉडेलच्या चालू जुन्या मशीनच्या निम्म्या किमतीपुढे गेली, तर मी दुरुस्त करत नाही. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बुडणारे दिवस धरायचे नाहीत, म्हणून तेव्हा थोडं जास्त झालं तरी चालतं. ऐन हंगामात नाही. मशीन होडीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटला किंवा ब्लॉकला तडा असेल, तर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. भर समुद्रात ते सुटलं तर होडीतल्या माणसांच्या जिवावर बेततं.

सोडायचं ठरलं तर वजनावर देऊ नका. गिअरकेस, कॉइल, फ्लायव्हील आणि कार्बोरेटर वेगळे काढून तेल लावून ठेवा. तेच मॉडेल वापरणारा कोणीतरी ते घ्यायला येतोच.