जुन्या टाटा मोबाईल पिकअपचा पार्ट मिळत नाही? गाडीचं नाव सांगू नका, माप सांगा

पुण्यात नाना पेठेत पार्टच्या दुकानात काउंटरवर जाऊन "टाटा मोबाईलची वॉटर बॉडी आहे का" (म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप) असं विचारलं की पोरगा फोनमधून मान वर करून आत बसलेल्या काकांकडे बघतो आणि काका आपल्याकडे न बघताच म्हणतात, बंद झालं ते. पण त्याच दुकानात "आतलं १७, बाहेरचं ४७, जाडी १४" असं म्हणा, काका स्वतः उठून ६३०३ नंबरचं बेरिंग तुमच्या हातात ठेवतात. पार्ट कंपनीच्या नावाने बंद होतो, पण त्याच्या आतला माल, म्हणजे बेरिंग, सील, ओ रिंग, बुश, हे सगळं मापावर चालतं आणि ते आजही मिळतं.

आधी इंजिन कुठलं ते बघून घ्या. टाटा मोबाईल १९८८ ला आली, तेव्हा कंपनी टेल्को (आताची टाटा मोटर्स) होती, गाडी आपल्या पिंपरीचीच. त्यातलं जुनं डिझेल इंजिन ४८३, म्हणजे ४ सिलिंडर आणि ८३ मिमी बोर (सिलिंडरचा आतला व्यास), १९४८ सीसी. हेच इंजिन पुढे सिएरा, इस्टेट आणि सुरुवातीच्या सुमोत बसलं, त्यामुळे मोबाईलच्या नावाने नाही म्हणणारा माणूस जुन्या सुमोच्या नावाने कधी कधी हो म्हणतो. नंतरच्या २०७ डीआयमध्ये ४९७ आहे, ९७ मिमी बोर, ४०७ ट्रकच्या घरातलं, त्याचं एवढं टेन्शन नाही. तरी घेताना जुना पार्ट शेजारी ठेवून भोकं जुळवूनच घ्या, दुकानदाराच्या "सेमच आहे हो" वर जाऊ नका.

आणि जुना पार्ट टाकायचा नाही, तुटला असला तरी. तुकडे पिशवीत भरून ठेवा, टर्नरला, म्हणजे लेथवाल्याला, तोच नमुना लागतो. मी टर्नरकडे पार्ट देताना आधी चारी बाजूंनी फोटो काढतो आणि व्हर्नियरने माप घेऊन वहीत लिहून ठेवतो, कारण एकदा भोसरीत माझा नमुनाच हरवला होता आणि वर मलाच विचारत होते, साहेब कसा दिसायचा तो.

आता वॉटर बॉडी, कारण जास्त लोक तिथेच अडकतात. बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून पाणी ठिबकायला लागलं की आतलं सील गेलं असं समजायचं. आमच्याकडे एका मिस्त्रीने ते भोक एमसील लावून बुजवलं, मीही खुश, गळती बंद! पण पाण्याला बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर ते बेरिंगमध्ये शिरलं, आणि सासवडहून अंजीर भरून येताना दिवे घाटात बेरिंग जाम होऊन फॅन रेडिएटरमध्ये घुसला. अंजिराचं काय झालं ते विचारू नका. ते भोक कधीच बंद करायचं नाही.

बॉडी खोलायच्या आधी दोन मापं घ्या, फॅनचा हब बॉडीपासून किती लांब आहे आणि मागे इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) बॉडीच्या कडेपासून किती आत आहे, जोडताना याच्यावरच सगळं बसवायचंय. मग पुलरने हब काढा, इम्पेलर काढा, शाफ्ट प्रेसवर दाबून बाहेर. हातोडा मारू नका, बीडाची (ओतीव लोखंडाची) बॉडी असते, बोल्टचा कान तुटला की संपलं. बऱ्याच बॉड्यांमध्ये शाफ्ट आणि बेरिंग एकाच तुकड्यात येतं, त्याचा बाहेरचा व्यास, लांबी आणि शाफ्टची दोन्ही टोकं मोजा आणि बेरिंगवाल्याकडे जा. शाफ्ट थोडा लांब मिळाला तर टर्नर कापून देतो, आखूड मिळाला तर मात्र घेऊ नका. बसवताना बॉडी उकळत्या पाण्यात गरम करा, म्हणजे बेरिंग निम्म्या जोरात जातं, आणि दाब बेरिंगच्या बाहेरच्या रेसवरच (कड्यावरच) द्यायचा, शाफ्टवर दिलात तर नवं बेरिंग बसवता बसवताच खराब होतं. सीलच्या कार्बनच्या रिंगला तेलकट बोट लावू नका.

पॅकिंग, म्हणजे जोडाच्या मध्ये बसतो तो कागद, घरी कापता येतं. जुन्या पॅकिंगची जाडी मोजून तेवढाच पेपर आणा, बॉडीच्या कडेला ग्रीसचा हात फिरवून पेपर दाबला की छाप येते, त्यावर कात्रीने कापायचं. जाडी बदलली तर इम्पेलरचं अंतरही बदलतं, म्हणून अंदाजाने घेऊ नका. हेड गॅस्केट मात्र कधीच घरी करायचं नाही.

ऑइल सीलवर तीन आकडे असतात, ४५-६२-८ असे, आतलं, बाहेरचं, जाडी. नवीन सील टाकूनही गळत असेल तर शाफ्टवर नख फिरवून बघा, खाच लागली तर सील दीड-दोन मिमी मागेपुढे बसवा म्हणजे सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी रबरी कड) कोऱ्या जागी येतो, खाच खोल असेल तर टर्नरकडून स्लीव्ह चढवून घ्या.

आटे गेले असतील तर मोठा बोल्ट ठोकू नका, हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) टाकून घ्या, मूळ मापाचाच बोल्ट बसतो. तांब्याचे वॉशर मिळत नसतील तर जुने लालभडक तापवून पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं. हे इंजिन ऑइलच्या आणि पाइपांच्या वॉशरला चालतं, इंजेक्टरखाली मात्र नवीनच घ्या.

मॅनिफोल्डला (सिलिंडरमधला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाला) चीर गेली असेल तर बीडाचं वेल्डिंग करणाराच माणूस गाठा. तो आधी चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडतो म्हणजे ती पुढे पळत नाही, मग पार्ट तापवून निकेलच्या रॉडने थोडं थोडं वेल्डिंग करतो, आणि शेवटी चुन्यात नाहीतर राखेत पुरून रात्रभर गार होऊ देतो. "दहा मिनिटात करतो" म्हणणाऱ्याकडून पार्ट परत घ्या, साध्या रॉडने केलेलं शेजारून पुन्हा तडकतं. वेल्डिंगनंतर फेस (इंजिनला टेकणारी सपाट बाजू) ग्राइंडिंग करून घ्याच, पट्टी ठेवून खाली फिलर गेजची पात घालून फट राहिली का बघा.

डिझेल पंप स्वतः खोलू नका, तो टेस्ट बेंचवर चढवूनच सेट होतो. इंजेक्टर चेक करताना फवाऱ्यापुढे हात नेऊ नका, त्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत जातं आणि वरून नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो, तेवढं जरी झालं तरी थेट हॉस्पिटल. ब्रेकचा कुठलाही पार्ट जुगाडाने बनवायचा नाही, गाडी चार दिवस उभी राहिली तरी चालेल.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी असतो, तिथे ब्रॅकेट, पुली, कव्हर असल्या न झिजणाऱ्या वस्तू घ्या. बेरिंग आणि सील तिथून घेऊ नका, पॉलिश करून ठेवलेलं असतं.

सगळं जोडून झालं की कूलंट भरा, हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवा, मग कात्रजचा घाट एकदा चढून या आणि वर थांबून इंजिन बंद करून खालच्या त्या भोकाला बोट लावून बघा. कोरडं असेल तर सोमवारपासून माल भरा.