घरी गोल, मैदानात गोलमाल: रोबो फुटबॉलमध्ये या चुका टाळा

दुपारचे चार वाजले होते. सकाळच्या दोन मॅचमध्ये आमचा रोबो चेंडूमागे अगदी मांजरासारखा लागला होता. तिसऱ्या मॅचची शिट्टी झाली आणि पठ्ठ्या चेंडूकडे पाठ करून थेट पश्चिमेच्या खिडकीकडे निघाला. रेषेबाहेर गेला म्हणून एक मिनिट बाहेर. परत आत ठेवला, परत खिडकीकडे. मधल्या सुट्टीत नववीतली पोरं लॅपटॉप उघडून कोड चाळत बसली, मीही बसलो. कोणाच्या तरी लक्षात आलं की खिडकीतून उन्हाची तिरीप सरळ मैदानावर येतेय. कोडमध्ये चूक नव्हतीच. चूक महिनाभर आधीची होती: आमचा सगळा सराव संध्याकाळी सातनंतर, ट्यूबलाइटखाली झाला होता.

रोबोकप ही स्पर्धा १९९७ साली जपानच्या नागोया शहरात सुरू झाली. २०५० पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या फुटबॉल संघाला यंत्रमानवांच्या संघाने हरवायचं, असं तिचं स्वप्न. शाळकरी मुलांचा रोबोकप ज्युनियर २००० साली मेलबर्नमधून सुरू झाला. त्यातल्या सॉकरमध्ये प्रत्येक संघाचे दोन रोबो, हिरवं कार्पेट, पांढऱ्या रेषा, एक पिवळा गोल आणि एक निळा. दहा-दहा मिनिटांचे दोन हाफ. रिमोट नाही, शिट्टी झाली की रोबो आणि त्याचं नशीब. मी इथे लाइटवेट गटाबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडची बहुतेक मुलं तिथूनच सुरुवात करतात. या गटात चेंडू स्वतः इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश सोडतो आणि रोबोने तो हुंगत जायचं असतं.

चेंडू दिसतो, पण किती लांब ते कळत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून आधी हेच.

पहिली चूक दुकानातच होते. ‘इन्फ्रारेड रिसीव्हर द्या’ म्हटलं की दुकानदार टीव्हीच्या रिमोटचा रिसीव्हर देतो. रिमोटचा सिग्नल तुटक असतो, बटण दाबलं तेवढ्यापुरता. चेंडू मात्र सतत बोलत राहतो. रिमोटसाठी बनवलेले बरेच रिसीव्हर अशा अखंड सिग्नलला गोंगाट समजतात आणि आपली संवेदनशीलता आपणच कमी करतात. म्हणून मुलं सांगतात, ‘सर, सुरू केल्यावर दोन सेकंद दिसतो, मग दिसत नाही.’ प्रकाश-अडथळ्यासाठी बनवलेले टीएसएसपी ४०३८ सारखे रिसीव्हर घ्या. दिसायला अगदी तसेच असतात, म्हणून पाकिटावरचा नंबर स्वतः वाचा.

दुसरी चूक कोडमधली. चेंडूचा प्रकाश ४० किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ४० हजार वेळा लुकलुकतो, पण तेवढंच नाही. तो आधी पूर्ण जोरात, मग एक चतुर्थांश, मग त्याहून मंद, मग आणखी मंद अशा पायऱ्यांनी उतरतो आणि थोडा थांबून पुन्हा सुरू होतो. ही साखळी सेकंदाला सुमारे १२०० वेळा फिरते, म्हणजे एक फेरा साधारण ८३३ मायक्रोसेकंदांचा. चेंडू जवळ असेल तर सेन्सरला सगळ्या पायऱ्या दिसतात. लांब असेल तर फक्त पहिली, जोरातली. त्यामुळे एका फेऱ्यात सेन्सर किती वेळ ‘दिसतोय’ म्हणाला ते मोजलं की अंतराचा अंदाज येतो.

मुलं काय करतात? सेन्सर एकदाच वाचतात. त्या क्षणी चेंडू मंद पायरीवर असला किंवा थांबलेला असला तर उत्तर ‘नाही’. पुढच्या क्षणी ‘आहे’. रोबो थरथरायला लागतो आणि सगळे मोटरला शिव्या घालतात. फेऱ्याहून थोडा जास्त काळ, समजा एक मिलिसेकंद, सगळे सेन्सर पुन्हा पुन्हा वाचा आणि प्रत्येकाने किती वेळा होकार दिला ते मोजा. कोडच्या सात-आठ ओळी. थरथर बहुतेक तिथेच थांबते.

आता उन्हाचं. उन्हातही इन्फ्रारेड असतो, म्हणून सेन्सर फसतो आणि रोबो खिडकीकडे पळतो. प्रत्येक सेन्सरभोवती काळी नळी बसवा; हीटश्रिंकचा (गरम केल्यावर आकसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचा) तुकडाही चालतो. ठरावीक संख्येपेक्षा कमी होकार देणारा सेन्सर कोडमध्ये सरळ सोडून द्या. आणि मैदानावर पोचल्यावर आधी चेंडू खिशात घाला, रोबो मैदानाच्या मधोमध ठेवा, हाताने हळूहळू एक चक्कर फिरवा. सगळे आकडे शून्याजवळ राहायला हवेत. एखादा सेन्सर खिडकीकडे बघून हसायला लागला तर मॅचच्या आधी कळलेलं बरं. आम्ही हे आता सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा करतो.

आकडे सगळीकडेच नाचत असतील, ऊन असो वा नसो, तर सेन्सरचा वीजपुरवठा बघा. प्रत्येक रिसीव्हरच्या पुरवठ्याच्या तारेवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की मोटरचा खडखडाट सेन्सरपर्यंत पोचत नाही.

स्वतःच्याच गोलमध्ये

स्वयंगोल बघायचा असेल तर रोबो फुटबॉलसारखी जागा नाही. चेंडू पकडला, सुंदर वळण घेतलं, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गोल आपल्याच जाळ्यात. आमच्या बाबतीत हे दुसऱ्या हाफच्या पहिल्याच मिनिटाला झालं. दुसऱ्या हाफला संघ बाजू बदलतात. रोबोला मात्र कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या मते समोरचा गोल अजून तिकडेच होता, आणि त्याने इमानेइतबारे काम केलं.

उपाय सोपा आहे. रोबोवर एक बटण ठेवा: समोरच्या गोलकडे तोंड करून दाबलं की तीच शून्य दिशा. प्रत्येक हाफच्या आधी हे बटण दाबायचं काम एकाच मुलाचं किंवा मुलीचं. ‘कोणीतरी दाबेल’ म्हटलं की कोणीच दाबत नाही.

दुसरं कारण होकायंत्र. चुंबकीय दिशा मोजणारा सेन्सर मोटरच्या शेजारी बसवला तर मोटर सुरू होताच दिशा बदलते, कारण मोटरमधून वाहणाऱ्या करंटचंही चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कधी मैदानाखालच्या टेबलाची लोखंडी चौकटही दगा देते. घरी लाकडी टेबलावर सगळं बरोबर, तिथे मैदानाच्या एका कोपऱ्यात गेला की रोबो वीस अंश वाकडा. दिशा मोजणारा बीएनओ०५५ सेन्सर असेल तर चुंबकमापक न वापरणाऱ्या आयएमयू मोडमध्ये चालवा. नुसत्या जायरोवर (वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर) दिशा हळूहळू सरकते खरी, पण दहा मिनिटांच्या हाफमध्ये ते सहसा निभावून जातं, आणि बटण आहेच.

पांढरी रेषा ओलांडणं

इथे गणित करून बघा. रेषा साधारण दोन सेंटीमीटर रुंद. रोबो सेकंदाला एक मीटर पळतोय. लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडचा, एक फेरा २० मिलिसेकंदांचा असेल तर दोन वाचनांमध्ये रोबो बरोबर दोन सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे रेषा दिसेलही, नाहीतर नाहीही.

२० मिलिसेकंद कुठे जातात? बहुतेक वेळा प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरमध्ये. एचसी-एसआर०४ या सेन्सरला प्रतिध्वनी मिळाला नाही तर आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डाचं पल्सइन हे फंक्शन काही न सांगता वाट बघत बसतं, कधी अगदी एक सेकंदापर्यंत. त्याला वेळेची मर्यादा घाला. सीरियलवर (लॅपटॉपच्या पडद्यावर) छापायच्या ओळी मॅचच्या कोडमधून काढा. कोडला नुसतं थांबवून ठेवणारा ‘डिले’ तर नकोच.

आणि रोबो रेषेच्या बाहेर निघून गेला की त्याला पुन्हा हिरवं दिसतं. त्याला वाटतं, झालं, आलो आत! रेषा आधी कुठल्या बाजूच्या सेन्सरला लागली हे लक्षात ठेवा आणि त्याच्या उलट दिशेने येताना रेषा पुन्हा दिसेपर्यंत थांबू नका.

सेन्सरखाली लाल एलईडी लावले तर हिरवं आणि पांढरं यांतला फरक छान वाढतो, कारण हिरवं कार्पेट लाल प्रकाश पिऊन टाकतं. सरावासाठी आम्ही मांडववाल्याकडून हिरवं कार्पेट आणतो. स्पर्धेतलं कार्पेट त्याहून गडद निघतं, फिकट निघतं, कधी नवं कोरं केसाळ असतं. घरचे आकडे घेऊन तिथे जाऊ नका. आकडे तिथेच, त्या मैदानावर, बटण दाबून नव्याने घ्या.

मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होणारा रोबो

दोन रोबो समोरासमोर भिडले, मोटर उलटी फिरली, आणि आपला रोबो क्षणभर मेल्यासारखा. मग एलईडी पुन्हा सुरुवातीपासून लुकलुकायला लागतात. कंट्रोलर रीसेट झाला. मोटर अडकली किंवा एकदम उलटली की खूप करंट ओढते, व्होल्टेज खाली जातं आणि मेंदूच विझतो. कंट्रोलरला वेगळा बक कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून स्थिर देणारं सर्किट) द्या, ग्राउंड मात्र सगळ्यांचा एकच ठेवा. मोटर चालवणारा स्वस्तातला एल२९८एन ड्रायव्हर दोनेक व्होल्ट स्वतःच खातो, हेही हिशोबात धरा. मोटर हाताने अडवून बघा. टेबलावर चाकं हवेत फिरवून हा दोष कधीच सापडत नाही.

बॅटरीचा आणखी एक खोडसाळपणा: तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट देते, मॅच संपत येईतो ११च्या आसपास येते. सगळे आकडे भरलेल्या बॅटरीवर ठरवले तर शेवटच्या तीन मिनिटांत रोबो म्हातारा होतो. अर्धी उतरलेली बॅटरी लावूनही सराव करा. विमानाने जाणार असाल तर सुट्या लायपो हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून. चेक-इनच्या बॅगेत ठेवायच्या नसतात. एका पालकांना विमानतळावर सगळी बॅग उघडावी लागली होती.

तपासणीच्या टेबलावर

लांबी-रुंदी, वजन, चेंडू आत घ्यायच्या खाचेची खोली हे सगळं मोजतात. नियम दरवर्षी बदलतात. बरीच वर्षं ११०० ग्रॅमची मर्यादा होती म्हणून आजही तीच असेल असं धरू नका, त्या वर्षीचं नियमपुस्तक छापून न्या. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करू नका. रोबोवर निळी किंवा पिवळी टेप दिसली तर काढायला लावतात, कारण समोरच्याचा कॅमेरा तिला गोल समजू शकतो. उचलायला हँडल हवंच.

चाकांच्या हबचे बारीक स्क्रू प्रत्येक मॅचनंतर आवळा. ऑम्नी चाकांच्या (आडवंही सरकता येणाऱ्या चाकांच्या) रोलरमध्ये कार्पेटचे धागे गुंडाळतात. चिमटा जवळ ठेवा.

सरांनी लिहिलेला कोड

ही चूक माझी आहे. पहिल्या वर्षी रात्री उशिरा बसून दिशेचा भाग मीच लिहून टाकला, मुलं दमली होती म्हणून. स्पर्धेत मुलांच्या कामाच्या जागेत मार्गदर्शकाला शिरता येत नाही, आणि परीक्षक मुलांना कोडबद्दल विचारतात. ‘इथे १८० का वजा केलंत?’ असं परीक्षकांनी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग काचेपलीकडे माझ्याकडे. मी मान खाली घातली.

आता मुलांना तेच १८० फळ्यावर स्वतः काढायला लावतो. रोबोचं तोंड ३५० अंशांवर आणि हवं १० अंशांवर, तर डावीकडे ३४० वळायचं की उजवीकडे २०? हे कळेपर्यंत एक अख्खा रविवार जातो, मध्ये वडापाव येतो, कोणीतरी खुर्चीवर बसून स्वतःच गोल गोल फिरून बघतं.