वणव्याच्या दिवसांत घर सोडण्याची तयारी

गडचिरोली आणि मेळघाटच्या जंगलपट्ट्यात फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा धोका मोठा असतो, कारण सागाचा वाळलेला पाचोळा जमिनीवर साचतो आणि मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखाली लावलेली लहानशी आगही दुपारच्या वाऱ्यात हाताबाहेर जाते. घराभोवतीचा पाचोळा, कडबा आणि सरपण आधीच दूर हलवून ठेवावे. सातबारा, आधार कार्ड, औषधे व विजेरी एकाच पिशवीत भरावीत. आग चढावर वेगाने धावते, म्हणून टेकडीकडे न पळता वाऱ्याच्या आडव्या दिशेने रस्ता, नदीपात्र किंवा आधीच जळून विझलेली जागा गाठावी. गुरांची दावी वेळीच सोडावीत (घाईत नेमके हेच राहून जाते) आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.