तोंडाच्या रेडिएशनच्या काळात रुग्णाचा आहार कसा सांभाळावा

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावरचे रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे सहा ते सात आठवडे चालते. सुरुवातीला फारसा त्रास जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मात्र तोंड सोलवटते, लाळ आटते, चव जाते आणि घास गिळणे नकोसे होते. त्यामुळे तोंड दुखू लागण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात रुग्णाचे वजन वहीत नोंदवावे आणि रुग्णालयातील आहारतज्ज्ञांची भेट घ्यावी.

आजारी माणसाला हलके द्यावे, ही आपल्या घरांतील जुनी रीत येथे नडते. पेज, वरणाचे वरचे पाणी, शहाळे यांनी पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगी फारसे काही लागत नाही. या काळात दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे धरले जाते. म्हणजे ५० किलोच्या माणसाला निदान १२५० कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम प्रथिने असतात, यावरून नुसत्या पेजेवर दिवस काढणे किती अपुरे आहे, हे लक्षात येईल. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

पेज रुग्णाला आवडत असेल तर ती बंद करू नये, दाट करावी. तांदळाबरोबर तितकीच मुगाची डाळ शिजवून मिक्सरमधून काढावी आणि वर चमचाभर तूप सोडावे, ज्यातून ४५ कॅलरी सहज वाढतात. नाचणीचे सत्त्व पाण्याऐवजी दुधात शिजवून त्यात दोन चमचे दूध पावडर मिसळावी. मऊ शिरा, कुस्करलेले पनीर, पूर्ण शिजलेले पण मऊ अंडे हेही चालते. तिखट, चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो आणि भाकरीची कडक कड टाळावी. पदार्थ कोमट किंवा थंड असावा. ताटभर जेवण वाढून आग्रह करण्यापेक्षा दर दोन तासांनी अर्धी वाटी देणे अधिक साधते. तोंड बधिर करणारे औषध दिलेले असल्यास ते जेवणाआधी केव्हा लावायचे, हे विचारून घ्यावे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात.

नाकातून नळी घालण्याचा सल्ला मिळाला की घरचे हादरतात. वास्तविक ती बहुतेक वेळा काही आठवड्यांची सोय असते. नळीतून देताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास रुग्णाला बसते ठेवावे, गाळलेलाच पदार्थ द्यावा आणि शेवटी पाणी सोडून नळी स्वच्छ करावी.

सोबत केमोथेरपी चालू असेल तर कच्चे मोड, न तापवलेले दूध आणि गाडीवरची कापलेली फळे देऊ नयेत. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरते, या समजापायी खाणे तोडणे घातक आहे. गुळवेल किंवा हळदीच्या गोळ्याही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नयेत.

वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर पाहावे. ते झपाट्याने घटू लागले, पाणीही गिळवेना, गिळताना ठसका लागू लागला किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.