मुलांच्या हाती पहिला घडीचा चाकू देताना
माझ्या दहाव्या वाढदिवशी आजोबांनी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून लाकडी मुठीचा घडीचा चाकू आणला, पण तो माझ्या हातात न देता पाटावर ठेवला आणि मला उचलायला सांगितले, कारण धारेची वस्तू हातोहात देऊ नये, असे आमच्याकडे मानत. मुलीला चाकू देताना मीही तीच रीत पाळली. शकुनासाठी नव्हे, तर दोघांचे हात एकाच वेळी चाकूवर असले की कोणाचे तरी बोट कापते म्हणून.

कापण्याआधी चाकू मिटायला शिकवावे. साध्या घडीच्या चाकूला खटका नसतो. पाते केवळ मुठीतल्या पट्टीच्या ताणावर उघडे राहते आणि टोकावर जोर आला की बोटांवर मिटते. नारळाच्या डोळ्यात टोक खुपसण्याच्या माझ्या हौसेची खूण अजून तर्जनीवर आहे. म्हणून टोकाने भोसकणे किंवा डब्याचे झाकण उचकटणे पूर्ण वर्ज्य समजावे. मिटताना मूठ दोन्ही बाजूंनी धरावी, खाचेवर एकही बोट येऊ देऊ नये आणि दुसऱ्या तळहाताने पात्याची पाठ ढकलावी. धारेवर चिकटपट्टी लावून हे निदान पन्नास वेळा करून घ्यावे. मूल कंटाळेल, कंटाळू द्यावे.

पहिले काम म्हणून पेन्सिल बरी, पण खरी गोडी दिवाळीच्या कंदिलासाठी बांबूच्या कामट्या तासण्यात आहे. बसून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून, गुडघ्यांच्या पुढे आणि अंगापासून दूर तासावे. मांडीवर ठेवून कधीही नको, कारण मांडीतून मोठी रक्तवाहिनी जाते. हाताच्या टप्प्यात दुसरे कोणी बसलेले नसावे.

बोथट चाकूला जोर जास्त लागतो आणि तो घसरतो, म्हणून धार लावणेही शिकवावे. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडला की साडेबावीस अंशांचा कोन मिळतो; तो ओल्या दगडाशेजारी उभा धरून पाते तितकेच, किंवा किंचित कमी, कलते ठेवावे आणि दोन्ही बाजूंनी सारखेच हात फिरवावेत.

चाकू शाळेच्या दप्तरात किंवा विमानातल्या हातातल्या सामानात जाता कामा नये. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात साधे पोलाद लवकर गंजते, तेव्हा कैरी किंवा लिंबू चिरल्यावर पाते लगेच धुऊन कोरडे करावे आणि सांध्यात शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा.